आवाज शून्यावर

गुरुवारी सकाळी साडेदहाला मी सासऱ्यांच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई मोडली. चांगुलपणा नडला, दुसरं काय. खाडीच्या वाऱ्याने आमच्या घरात सगळ्यावर चिकट धूळ बसते, म्हणून नवं मऊ फडकं घेऊन पुसायला गेले. फडक्याच्या धाग्यांत काहीतरी अडकलं आणि मोडलं. आवाजसुद्धा झाला नाही, नुसतं हाताला कळलं. फडकं उचलून बघितलं तर त्याला केसाएवढी एक नळी लटकत होती.

लग्न होऊन या घरात येऊन मला सहा महिने झाले होते आणि पहिल्याच दिवशी शेजारच्या तुळसाकाकूंनी दारात गाठून सांगितलं होतं, "बाय, घरात कशालाबी हात लाव, गुरुजींच्या त्या पेटीला लावू नको. सनीच्या आईलाबी त्यांनी कधी लावू दिला न्हाय."

गुरुजी म्हणजे माझे सासरे येसाजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. सनी, माझा नवरा, तळोज्याला कंपनीत असतो आणि पंधरा दिवसांनी येतो. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. म्हणजे घरात दिवसभर ते आणि मी. पालीला माहेरी मला सगळे तोंडाळ म्हणायचे, इथे माझी बोलती बंद झाली होती. मी मागून "बाबा, चहा" म्हटलं तर मान वळायची नाही. दोनदा म्हटलं तरी नाही. मग कप समोर ठेवून मी निमूट परत यायची. माझं काहीतरी चुकलंय, ते यांनी मनात ठेवलंय आणि एक दिवस सगळं एकदम बाहेर काढणार, ही धास्ती मी उशाशी घेऊन झोपत होते.

त्यात रविवार जवळ आलेला. रविवारी बरोबर आठला बाबा खिडकी उघडून भीमगीतांची जुनी रेकॉर्ड लावतात. इतकी मोठ्याने, की विहारापर्यंत ऐकू जाते, आणि आमची सगळी आळी त्या ढोलकीवर उठते. सुई टेकवली की ते समोर जो असेल त्याच्याकडे रोखून बघत राहतात. ढोलकी सुरू झाली की मगच मान डोलवायला लागतात. कोण मध्ये बोलतंय ते बघतात, असं मला वाटायचं. त्या नजरेसमोर मी श्वाससुद्धा जपून घ्यायची.

नशिबाने बाबा त्या दिवशी आगरदांड्याला एका साखरपुड्याला गेले होते, स्कूटर घेऊन, आणि शनिवारी रात्री येणार होते. माझ्याकडे अडीच दिवस होते.

मोबाईलवर शोधून शोधून मुंबईचा स्वराज म्हणून एक रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारा सापडला. त्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, "नुसती सुई मिळणार नाही ताई, हे मॉडेल बंद झालं. सुई ज्याच्यात बसते ती अख्खी कार्ट्रिज बदलावी लागेल."

"आवाज सेम येईल ना?"

"सेम कसा येईल? माझ्याकडे दोन आहेत. एक गोल टोकाची. आवाज भरदार, खालचा ठेका जोरात, पण बारकावे कमी. दुसरी लंबगोल टोकाची. एकदम स्वच्छ, गाणाऱ्याचा श्वास पण ऐकू येईल. ऐकणारा कोण आहे? कान कसा आहे त्याचा?"

"तिखट," मी म्हणाले. "फार तिखट. मराठीच्या तासाला मागच्या बाकावर कोण कुजबुजलं ते फळ्याकडे तोंड करून सांगायचे म्हणे."

"मग लंबगोलच घ्या. गोल लावली तर पहिल्या कडव्याला पकडतील."

पहिल्या कडव्याला. लंबगोल पाठवा म्हटलं. स्वराजने मांडव्याच्या बोटीने येणाऱ्या त्याच्या ओळखीच्या माणसाकडे डबी दिली आणि शुक्रवारी संध्याकाळी मी रिक्षाने अलिबागला जाऊन ती घेऊन आले. वाटेत प्रत्येक स्कूटर मला बाबांची वाटत होती.

शनिवारी दुपारी फोन पुस्तकाला टेकवला, समोर व्हिडिओवर स्वराज होता, आणि मी कामाला बसले. लाल, पांढरी, हिरवी, निळी अशा चार तारा, शेवयांहून बारीक. भुवयांच्या चिमट्याने एकेक बसवायची. हिरवी तार तीनदा निसटली. मग मागचं वजन फिरवून सुईचा भार जमवला. भार जास्त झाला तर रेकॉर्ड खरवडून निघते, हे स्वराजने आधी सांगितलं असतं तर मी या भानगडीत पडलेच नसते. ती रेकॉर्ड आता कुठेही मिळत नाही.

"आता शेवटचं," स्वराज म्हणाला, "पहिल्यांदा सुई टेकवताना आवाज शून्यावर ठेवा, नाहीतर चुकून धप्प झालं तर स्पीकर जाईल. नीट फिरायला लागली की हळूहळू वाढवा."

मी बटण शून्यावर आणलं. आणि अंगणात स्कूटर थांबली.

फोन बंद केला. चिमटा, स्क्रू, डबी, सगळं ओढणीखाली सारलं. बाबा दारात उभे. रात्री येणारा माणूस दुपारी चारला दारात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उघड्या पेटीकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. हातपाय धुऊन आले, रेकॉर्ड काढली, दोन्ही तळव्यांत धरून ठेवली आणि स्वतः सुई टेकवली.

मग ती नजर, रोखलेली.

मी इतकी घाबरले होते की काय करतेय तेही कळलं नाही. काहीतरी करायचं म्हणून नुसती मान हलवली.

बाबा खुर्चीत बसले. डोळे मिटले आणि गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. एक, दोन, तीन, चार. मीही ऐकायला लागले, चूक कुठे पकडतात ते बघायला. आणि माझ्या लक्षात आलं की खोलीत काहीच वाजत नाहीये. रेकॉर्ड फिरतेय, सुईची अगदी बारीक कुरकुर येतेय, बाकी चिडीचूप. बटण अजून शून्यावर होतं.

बाबांची बोटं चालूच होती. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

माझी सगळी भीती त्या क्षणी उलटी फिरली. मागून दिलेल्या हाका. समोर ठेवून गेलेले चहाचे कप. 'आजकाल सगळी पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात' ही त्यांची कायमची तक्रार. ते माझ्यावर रागावलेलेच नव्हते. आणि दुसरी भीती वर आली, पहिलीपेक्षा वाईट. हा माणूस आत्ता आगरदांड्याहून तो वळणांचा रस्ता स्कूटरवर कापून आला होता, आणि मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न त्याला ऐकू येत नव्हता.

मी समोर जाऊन गुडघ्यावर बसले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी डोळे उघडले.

"बाबा," मी सावकाश, तोंड नीट हलवून म्हणाले, "आवाज बंद आहे. मी बंद ठेवलाय."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मग बटणाकडे. त्यांचा चेहरा असा उतरला, की मी मोडलेली सुई विसरले.

"बंद हाय?" ते म्हणाले. "मला वाटलं, राहिला होता तेवढा कानबी गेला. ढोलकी यायची थोडी. आज तीबी न्हाय आली."

"सनीला माहीत आहे?"

"न्हाय. आणि तू सांगू नको, पोरी." त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. अख्ख्या तालुक्याची पोरं ज्याला भ्यायची तो माणूस मला भीत होता. "माझी आई बहिरी झाली होती. कोणी वाईट न्हाय वागलं तिच्याशी. फक्त बोलायचं सोडलं. ओरडून ओरडून कोण सांगणार? तिचा भाऊ गेला ते तिला आठ दिवसांनी कळलं. मला तसं नको."

मला रडू आलं आणि रागही आला. सहा महिने मी या घरात जीव मुठीत धरून वावरले, आणि हा माणूस समोरच्या खुर्चीत तसाच जीव मुठीत धरून बसला होता.

"स्कूटरची चावी द्या," मी म्हणाले.

त्यांना कळलं नाही की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. मी तळहात पुढे केला. "चावी. आणि मंगळवारी माझ्याबरोबर अलिबागला, कानाच्या डॉक्टरकडे. सनीला तुम्ही सांगायचं, मी नाही. पण चावी आत्ता."

त्यांनी तळहाताकडे पाहिलं. मग खिशातून चावी काढून त्यावर ठेवली. मी ती स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागच्या खिळ्याला अडकवली आणि येऊन सुई कशी मोडली तेही सांगून टाकलं. ते पहिल्यांदाच माझ्यासमोर हसले. "म्हटलं, ही पोरगी चिमटा ओढणीखाली कशाला लपवते."

रात्री मी स्वराजला निरोप पाठवला. 'लंबगोल परत पाठवते. गोल टोकाची द्या, ठेका जोरात असलेली. ऐकणाऱ्याच्या कानाबद्दल मी चुकीचं सांगितलं होतं.'

रविवारी आठला खिडकी उघडली. मी आवाज लावला, बटण नेहमीपेक्षा चार घरं पुढे, आणि बाबांचा हात धरून स्पीकरच्या लाकडावर ठेवला. आळीत कुणाचा तरी हंडा नळाखाली भरत होता. बाबांनी दुसऱ्या हाताने सुई टेकवली आणि माझ्याकडे पाहिलं, त्याच रोखलेल्या नजरेने. ते विचारत होते. सहा महिने दर रविवारी ते मला हेच विचारत होते, सुरू झालं का.

मी ढोलकी येईपर्यंत थांबले आणि मग मान हलवली.