ओढा गप्प झाला

बस इथं, तुला बर्फाच्या नदीची गोष्ट सांगतो. बर्फ चालतो बरं का. गोगलगायसुद्धा कंटाळेल इतका हळू. पण डिवचलास तर ऐकत नाही.

एक पोकलेनवाला होता. बर्फावरून उतरणारा ओढा त्याचा रस्ता सारखा खचवायचा. वैतागून त्यानं चर खणला आणि सगळं पाणी बर्फातल्या एका भेगेत सोडून दिलं. खाली बर्फाच्या तोंडाशी निघेल, त्यात काय! निघतही होतं. रस्ता कोरडा ठणठणीत, मुकादम खूश.

मग अवेळी कोमट पाऊस लागला. सगळं पाणी त्याच भेगेत.

एका सकाळी पोकलेनवाला डिझेल न्यायला खाली आला आणि जागीच थबकला. बर्फाच्या तोंडातून निघणारा खालचा ओढा आटलेला. दगड अजून ओले. वर पाणी धो धो आत जातंय, खाली थेंब नाही. मग गेलं कुठं? बर्फाच्या पोटाखाली तुंबलं. आता तो खडकावरून उचलला जाऊन खाली घसरणार.

तोंडासमोरच पंपघर. आत त्याचा मेव्हणा. हा धावत सुटला.

"बाहेर ये! बर्फ सुटतोय!"

मेव्हण्यानं पंपातून डोकंही काढलं नाही. "भाऊजी, गेल्या वेळी तुम्ही अस्वल आलं म्हणून ओरडलात. मी बाहेर पळालो, तुम्ही माझा डबा फस्त केलात."

"अरे, शपथ!"

"अस्वलाच्या वेळीही घेतली होती."

टेबलावरचा पाना आपोआप सरकत कडेला आला आणि खाली पडला. दोघांनीही बघितलं.

"चर मी खणलाय," पोकलेनवाल्यानं त्याचे हात धरले. "ते पाणी मी आत सोडलंय. चल ना रे."

या माणसाला विनवताना मेव्हण्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो उठला. दोघं हातापायांवर टेकाड चढले. मागं तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. गढूळ पाणी फुटलं, मागून बर्फ धडधडत आला आणि पंपघर काड्यापेटीसारखं चेपलं गेलं.

"डबा राहिला," मेव्हणा पुटपुटला.

पोकलेनवाला हसला नाही. त्याच दुपारी त्यानं चर बुजवला. खचू दे म्हणाला रस्ता.

तू उद्या मशीन घेऊन वर चाललायस ना? मग एवढं ऐक बाबा. खालचा ओढा गप्प झालेला दिसला, तर फोटो काढत उभा राहू नकोस. आधी खालच्या माणसाला हाताला धरून बाहेर काढ. आणि त्यानं तुझ्यावर विश्वास ठेवावा असं वाटत असेल, तर आजपासून त्याचा डबा खाणं बंद कर.