बाकीचे वेगळे करा

एकोणचाळीस सालच्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात तीन आठवड्यांत सहा लेकरं गळा सुजून आली आणि चार गेली. सगळी दोन ते सात वर्षांची, सगळी हट्टा गावाच्या बाजूची. डॉक्टर साहेब हैदराबादचे, त्यांना मराठी येत नव्हती. मी, उत्तमराव कंपाउंडर, त्यांची जीभ होतो आणि त्याचा मला भलताच तोरा होता.

सातवी धुरपता, पाच वर्षांची. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा बाबूसिंग तिला गाडीत घालून घेऊन आला, सोबत बायको रुक्माबाई. पोरीची मान जबड्यापासून छातीपर्यंत भरून आली होती. तोंडाचा वास सहन होईना. घशात राखाडी पापुद्रा, पार पडजिभेपर्यंत चढलेला. डॉक्टरांनी बोळ्यानं नुसता हलवला तर रक्त आलं. ताप म्हणाल तर बेताचाच. मला या रोगाचा राग याचाच यायचा, की अंग फारसं तापू देत नाही आणि आतून गळा आवळतो.

"खुनाक," डॉक्टर उर्दूत म्हणाले, म्हणजे घटसर्प. कपाटात या रोगावरच्या सीरमच्या दोनच बाटल्या उरल्या होत्या, त्या दोन्ही तिला टोचल्या. मग मला म्हणाले, घरच्या इतर मुलांना दूर ठेवायचं, बापाला नीट समजावून सांगा.

बाहेर माणसं खोळंबली होती. "घटसर्प हाय," मी बाबूसिंगला घाईत सांगितलं. "बाकीचे वेगळे करा. एका ठिकाणी पाणी पाजू नका. कोणाचा गळा सुजला तर त्याच दिवशी आणा."

"ल्हान-मोठे सगळेच?"

"सगळे."

"डाग द्यावा लागंल?"

लेकरांच्या पोटावरचे बिब्ब्याचे डाग पाहून मी आधीच वैतागलेलो. "डाग-बिग काही न्हाई," मी खेकसलो. तो मान हलवून गेला. रुक्माबाई पोरीजवळ राहिली.

धुरपता सावरली. पापुद्रा सुटला, मान उतरली. बाराव्या दिवशी पाजलेलं पाणी तिच्या नाकातून बाहेर आलं आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला. विष आता नसांत गेलं, हृदयालाही धोका आहे, तिला उठून बसू देऊ नका, म्हणाले. हे मात्र मी रुक्माबाईला चारदा बजावलं. तिनं पोरीच्या छातीवर हात ठेवला तो काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी बाबूसिंग आला, खुशीत होता.

"साहेब, तुमी म्हणले तसंच केलं बराबर. चार बैलं, दोन गाई, सारे वेगळे बांधले. हौदावर नेलेच न्हाई, बादलीनं पाणी पाजून राहिलो. एकाचाबी गळा सुजला न्हाई."

पिढ्यान्पिढ्या बैलांवर माल वाहणारी ही माणसं. त्यांच्या लेखी घटसर्प म्हणजे गुरांचा रोग. माझ्याही गावात तोच अर्थ होता. मला तो माहीत होता, हे सगळ्यात वाईट.

"आणि लेकरं?"

"एकच हाय, पेमा. तीन वर्साचा. धुरपताच्या वाकळेत झोपतो, तिचीच वाटी लागते त्याला. जरा पडसं हाय. कालपासून आवाज बसला."

रुक्माबाईनं पोरीच्या छातीवरचा हात तेव्हा काढला.

संध्याकाळी पेमाला आणून बाजूच्या खोलीत ठेवलं. श्वास घेताना त्याच्या गळ्याखाली खड्डा पडत होता. कपाट रिकामं होतं. हैदराबादहून सीरमची पेटी यायला पाच दिवस होते. डॉक्टर म्हणाले, "उत्तमराव, इनको समझाइए."

"बाबूसिंग, घटसर्प माणसालाबी होतो," मी म्हणालो.

त्यानं लेकाची मान दोन्ही हातांनी चाचपली, रोज गोठ्यात बैलांची चाचपत होता तशी. "हे तवाच काहून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

पेटी पाचव्या दिवशी आली. पेमाला जाऊन तेव्हा दोन दिवस झाले होते. धुरपता उताणी पडून नाकातून बोलत विचारत होती, पेमा का येत नाही. तिच्या हृदयाला धक्का चालणार नव्हता. बाबूसिंग, रुक्माबाई दोघंही माझ्याकडं बघत राहिली. समजावून सांगायचं काम माझं होतं.