दोन शेतांमधली फळी

मित्रांनो, मी एक जुनी ओकची फळी आहे. माझ्यामुळे एका उन्हाळ्यात एक भला माणूस चोर ठरला होता. ती गोष्ट आज तुम्हाला सांगते.

इलिनॉयमधल्या एका सुताराने मला रंधा मारून सायलस थॉर्नलेच्या गाडीला मागून बसवले. सायलस मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा होता, आणि तो पंथ तिथे अनेकांना नकोसा होता. ज्या शेजाऱ्यांनी त्याच्या घरी जेवणे केली होती, त्यांनीच एके दिवशी त्याचे घर पेटवले. तेव्हापासून तो कुणावरही चटकन विश्वास ठेवत नसे. दाराशी घोडा थांबला की आधी बंदुकीकडे पाही, मग पाहुण्याकडे. पत्नी थर्झा आणि चार पोती बियाणे घेऊन त्याने बैलांना पश्चिमेकडे हाकले. तीन महिने मी गाडीमागची धूळ खाल्ली.

पश्चिमेला पोचल्यावर त्यांच्या धर्मसभेने त्यांना दक्षिणेला, लाल डोंगरांच्या पायथ्याशी एनोस नावाचे गाव वसवायला पाठवले. तिथे पाऊस म्हणजे नावालाच. डोंगरातून एक ओढा येई. सगळ्यांनी मिळून त्याचा पाट काढला आणि पाण्याच्या पाळ्या ठरवल्या. चांगले लाकूड मिळेना, म्हणून सायलसने गाडी मोडली आणि माझे दार करून पाटात बसवले. वर सायलसचे शेत, खाली नील्स होल्बेक या डॅनिश माणसाचे. मला खाली सोडले की पाणी सायलसकडे वळे, वर उचलले की होल्बेककडे जाई. गावचे बिशप एकदा माझ्यावर हात ठेवून म्हणाले होते, “अशी फळी अख्ख्या खोऱ्यात नाही.” मी फुलून गेले होते.

त्यानंतर अकरा वर्षे माझ्याकडे कुणी पाहिले नाही. हिवाळ्यातही मी चिखलातच उभी असे. माझी खालची कड कुजली, मग झिजली, आणि बोटभर फट पडून तिच्यातून पाणी खाली निसटू लागले. वरून मात्र मी धडधाकट दिसत होते.

त्या वर्षी ओढा आटला. आपल्या पाळीच्या दिवशी सायलसला होल्बेकच्या बांधापाशी जमीन ओली दिसली. त्याने चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली आणि घरी गेला. पुढच्या पाळीला संध्याकाळी त्याने घोड्याच्या शेपटीचा एक केस माझ्यावरून आडवा ताणून दोन्ही बाजूंच्या खुंटांना बांधला. मला कुणी उचलले तर केस तुटेल, असा त्याचा हिशेब. सकाळी केस जसाच्या तसा होता आणि खालची माती ओलीच होती.

“केस तुटला नाही म्हणजे फळीला कुणी हात लावला नाही,” थर्झा म्हणाली.

“तो नवा केस बांधतो. लबाड आहे.”

“तुझ्यासारखी गाठ मारून?”

थर्झा अधूनमधून होल्बेकच्या मुलींना काकवी देई, ती काकवीही आता सायलसच्या डोळ्यांत खुपू लागली. त्याने काठावर राख पसरली. राखेत फक्त त्याचीच पावले उमटली, तरी त्याचा संशय हटेना. उलट गडी किती हुशार आहे, असेच त्याला वाटले.

रविवारी सभेनंतर त्याने बिशपांसमोर होल्बेकवर पाणीचोरीचा आरोप केला. होल्बेकला विचारले, तर तो गोंधळून म्हणाला, “ओल मीपण पाहिली, भाऊ. मला वाटलं, देवाची कृपा.”

काही लोक हसले. चूक कबूल करेपर्यंत होल्बेकची पाळी बंद, असे ठरले. जी चूक केलीच नव्हती ती कबूल करायला तो तयार होईना. मला दिवसरात्र खाली ठेवले गेले. मी गळतच राहिले, त्यामुळे बांधालगतची एक ओळ हिरवी राहिली आणि मागचा सगळा मका करपला. ती हिरवी ओळ दाखवून सायलस म्हणे, “बघा, अजून चोरतोच आहे.” मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडले असते.

तीन आठवड्यांनी होल्बेकने गाव सोडायला गाडी भरायला घेतली. त्याची बायको मारेन थर्झाचा काकवीचा डबा परत करायला पाटापाशी आली आणि तो काठावरच ठेवून वळली. थर्झा डबा धुवायला माझ्याजवळ वाकली. डबा हातातून सुटला, तिने पाण्यात हात घातला, आणि तिची बोटे माझ्या तळाकडे ओढली गेली. तिने बाही खांद्यापर्यंत सारली आणि माझी खालची कड चाचपली. मऊ लाकडाचा तुकडा तिच्या मुठीत आला.

तिने सायलसला शेतातून बोलावले. त्याचे मनगट धरून हात पाण्यात घातला. ती फट त्याच्याही बोटांना लागली.

मग ओल्या बाहीनेच तो होल्बेकच्या गाडीपाशी गेला. “नील्सभाऊ, फळी कुजली होती. चोर कुणीच नव्हतं. मला माफ कर.”

होल्बेकने दोर आवळणे थांबवले नाही. “आधी पाणी सोड,” तो म्हणाला. “माफीचं मागून बघू.”

सायलस धावत आला आणि त्याने मला खाचेतून उपसून काढले. पाणी खाली गेले, पण मका वाचायला उशीर झाला होता. पुढच्या सभेत सायलसने सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली आणि स्वतःचा अर्धा मका होल्बेकच्या अंगणात नेऊन टाकला. होल्बेकने गाडी रिकामी केली. मात्र पुढची दोन वर्षे तो सभेत सायलसच्या बाकावर बसला नाही. तिसऱ्या वर्षी बसला.

माझ्या जागी नवी फळी आली आणि मला डुकरांच्या कुंपणाला ठोकले. तिथून मला पाट दिसतो. दर वसंतात ते दोघे शेजारी गुडघे टेकतात, बाह्या सारतात आणि नव्या फळीची खालची कड चाचपतात.

मित्रांनो, तुमच्या कामी येणाऱ्या वस्तूला वर्षातून एकदा तरी पाण्याबाहेर काढा, उलटी करून पाहा. आणि शेजाऱ्याच्या ओल्या मातीवर बोट ठेवावेसे वाटले, तर आधी तोच हात माझ्यासारख्या फळीच्या तळाशी घाला.