कचऱ्याच्या डब्यातली काकडं

घशाला पहिला हात लावला तो झोयाने. चौथीतली पोर, बाप कापडाच्या लूमवर कामाला, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती ताट टाकून नळाकडे धावली आणि किंचाळली, "दीदी, गले में काँटे चुभ रहे हैं!"

पंगतीत वाढणाऱ्या दिपालीच्या हातातली पळी हवेतच राहिली. झोयाच्या मागून दोन पोरं उठली, मग चार. कोणी खाकरतंय, कोणी जीभ बाहेर काढून शर्टाच्या बाहीने खरवडतंय, कोणी नुसतंच रडतंय, कारण शेजारचा रडतोय. शनिवारच्या बेचाळीस पोरांच्या पंगतीतली एकोणीस पोरं बघता बघता नळावर. टेमघरच्या त्या शाळेला नळ किती? दोन. त्यातला एक बंद.

दिपालीने पळीवरची भाजी जिभेला लावली. दहा आकडे मोजायच्या आत घशात सुया टोचायला लागल्या आणि तिला सगळं कळलं. शेवळाच्या भाजीत काकडं पडली नव्हती.

ज्याला ठाऊक नाही त्याने ऐकावं. शेवळं म्हणजे जूनमध्ये डोंगरात जमीन फोडून वर येणारे जांभळट कोंब. वर्षातली पंधरा-वीस दिवसांची भाजी, चवीला मटणाच्या तोंडात मारणारी. पण खाजरी. आतला पिवळा दांडा काढून टाकायचा आणि काकडं, म्हणजे आवळ्यासारखी दिसणारी आंबट रानफळं, ठेचून त्यांचं पाणी भाजीत घालायचं. घातलं की खाज मेली. नाही घातलं तर घसा धरून बसा. दिपालीच्या पूर्णा गावातल्या आगऱ्यांच्या घरात हे शाळेत न गेलेल्या पोरीलाही ठाऊक असतं. म्हणून तर भाजीवाली हौसा शेवळाच्या जुडीबरोबर काकडांची पुडी देतेच. मागावी लागत नाही.

आजही दिली होती. सकाळी हौसाने पोरांना गोल बसवून शेवळं सोलायला शिकवलं, पुडी स्वयंपाकाला आलेल्या आसावरीबाईंच्या हातात ठेवली आणि उरलेली पाटी डोक्यावर घेऊन ती धामणकर नाक्यावर विकायला गेली. दिपाली पोरांचे चिखलाचे हात धुवायला लागली. शेगडीपाशी राहिल्या एकट्या आसावरीबाई.

दिपाली शेगडीच्या शेडमध्ये शिरली. "बाई, काकडं कुठं हायत?"

"ती हिरवी फळं?" आसावरीबाई निवृत्त शिक्षिका, आवाज अजून वर्गातला, पण आता तो कापत होता. "अगं, दगडासारखी होती. डाग पडलेले. मला वाटलं, कच्ची आहेत, मुलांच्या पोटात कशाला? मी चिंच घातली ना. अळूत घालतो तशी. जरा कमीच घातली, मुलं आंबट म्हणून टाकतील म्हणून."

दिपालीने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं. कांद्याच्या सालीखाली काकडं पडली होती. एकूण एक.

तिने झाकण परत लावलं. का लावलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

गुळाचा खडा आणि चिंच प्रत्येक पोराच्या तोंडात गेली. कोपऱ्यावरचा डॉक्टर आला, घसे बघितले, "तासाभरात उतरेल, घाबरू नका," म्हणाला आणि गेला. पण डॉक्टर यायच्या आधी मोबाईल पोचले होते. कोणीतरी रडणाऱ्या पोरांचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, स्कूल में जंगली ज़हर खिलाया. अर्ध्या तासात शाळेच्या फाटकाशी सत्तर-ऐंशी माणसं. लूम बंद करून आलेले बाप, पोर काखेत घेतलेल्या आया, आणि ज्यांचं एकही पोर या शाळेत नाही असे निम्मे.

हीच पोरं रोज सकाळी पाच रुपयांचं चिप्सचं पाकीट फोडून शाळेत येतात. नारंगी भुकटी बोटांना लागलेली असते. दुपारी पोट धरतात, ओकतात. तेव्हा कोणी लूम बंद करून येत नाही. ज्या कारखान्याने ते पाकीट बनवलं त्याचं नाव कोणी विचारत नाही. आणि ती पाकिटं ठेवायला पूर्ण्यातली भातशेती गेली. दिपालीच्या सासऱ्यांचीही गेली. केसरीनाथ म्हात्र्यांच्या जमिनीवर आता दोन गोडाऊन उभी आहेत, भाडं घरी येतं, आणि त्या दोन गोडाऊनच्या मध्ये सात गुंठ्यांची पट्टी उरली आहे.

ती पट्टी म्हणजे दिपालीचा जीव. तिथे ती माठ, भेंडी, गवार लावते. दर शनिवारी शाळेतली पोरं टेम्पोतून येतात, स्वतः खुडतात, शाळेत आणून शिजवतात, खातात. दीड वर्ष हे चाललंय. भेंडी झाडाला वर तोंड करून लागते हे बघून झोया पहिल्या दिवशी खदखदून हसली होती. दिपालीचा दीर प्रितेश त्या पट्टीवर डोळा ठेवून आहे, त्याला तिथे कंटेनर वळवायला जागा पाहिजे. केसरीनाथांनी ओट्यावर बसून दोघांसमोर निकाल दिला होता, "पोरं येतान तवर पट्टी दिपालीची. ज्या शनवारी एकबी पोर आला न्हाय, त्या दिसापासून प्रितेशची."

म्हातारा शब्दाचा पक्का. तो शब्द दोन्ही बाजूंनी कापतो हे दिपालीला ठाऊक होतं.

आणि फाटकातून आता प्रितेशच आत येत होता. पांढरा शर्ट, हातात दोन फोन. शेडच्या भिंतीवर त्याचाच फोटो असलेला बॅनर होता. पालिकेच्या निवडणुकीचं वारं लागल्यापासून शनिवारची शेगडी त्याच्या 'सौजन्याने' पेटत होती. एक काडी पेटवली नव्हती त्याने कधी.

त्याने दिपालीला बाजूला घेतलं. "वहिनी, भाजी कोणाकडनं घेतली?"

"हौसाकडनं. पन भावजी..."

"पन-बिन ठेव. नाक्यावर बसते ती ना? पाठवलीत पोरं तिला आणायला." त्याने आवाज उतरवला. "नीट ऐक. लोकांना एक नाव पाहिजे. ते तिचं दे. बाईने खराब माल दिला, आम्हाला काय माहीत. विषय संपला. शेगडी चालू राहील, माझा बॅनर राहील, आणि पट्टीचं मी तोंडातून काढणार नाही. बाबांची शपथ."

"आनि हौसा?"

"तिचं काय? चार शिव्या खाईल. फार तर चौकीत बसवतील संध्याकाळपर्यंत. ती काय मतदार आहे काय?"

दिपालीने आसावरीबाईंकडे पाहिलं. बाई भिंतीला टेकून उभ्या, पदराचं टोक मुठीत. त्यांनी नजर दिली नाही. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

हौसाला आणलं ते बाइकवर मधे बसवून, पुढे एक, मागे एक. पाटी कोणीतरी फाटकातच पालथी केली. शेवळं धुळीत पसरली, त्यांवरून दोन-चार चपला गेल्या. हौसाला आधी काही उमगेना. ती खाली वाकून शेवळं गोळा करायला लागली, तोच एकाने तिचा दंड धरून उभी केली.

"क्या खिलाया बच्चों को? बोल!"

"बनाओ व्हिडिओ, चेहरा लो इसका!"

हौसा साठीची, सुकलेल्या शेंगेसारखी. तिने गर्दीकडे पाहिलंच नाही. दिपालीला शोधलं आणि तिलाच विचारलं, "बाय, पोरांचं गलं खाजवतांत का?"

"हां."

"मंग काकडं न्हाय टाकलीं?"

गर्दीला ते समजलं नाही. प्रितेश मोठ्याने म्हणाला, "काय काकडं-बिकडं? ही बाई आता कायपण सांगेल! वहिनी, तू बोल. सगळ्यांसमोर बोल."

सगळे फोन दिपालीकडे वळले. तिच्या घशात अजून सुया होत्या. एक वाक्य बोलायचं होतं, बस. आम्हाला काय माहीत. मग पुढच्या शनिवारी टेम्पो आला असता, पोरं भेंडीत शिरली असती, पट्टी राहिली असती. नाही बोलली तर काय जाणार तेही तिला लख्ख दिसत होतं. कंटेनरची चाकं माठाच्या वाफ्यावर.

हौसा दंडावरचा हात सोडवायचाही प्रयत्न करत नव्हती. अशा वेळी काय होतं ते तिला आयुष्यभर माहीत असावं, तशी उभी.

दिपाली वळली, शेडमध्ये गेली आणि कचऱ्याचा डबा उचलून आणला. पंगतीच्या सतरंजीवर तो पालथा केला. कांद्याच्या साली, चिंचेचे चिंचोके, आणि घरंगळत गेलेली हिरवी काकडं.

"हिने दिली होती," ती म्हणाली. "आम्ही फेकली. ये औरत ने दवा साथ में दी थी. हमने कचरे में डाली. गलती हमारी है. हिचा हात सोड आधी. सोड म्हणते ना!"

ज्याने दंड धरला होता त्याने हात सोडला. प्रितेश दात आवळून पुटपुटला, "मेलीस तू, वहिनी," आणि पहिली गोष्ट काय केली, तर भिंतीवरचा बॅनर उतरवायला एकाला पाठवला.

गर्दी आता दिपालीकडे सरकली. मुख्याध्यापक चिंतामणी सर मध्ये हात जोडत फिरत होते, त्यांना कोणी विचारत नव्हतं. तेवढ्यात झोयाची आई, शमीम, पुढे आली. लूमच्या कापसाने केस पांढरे झालेले, धाकटं पोर कडेवर. तिने खाली वाकून एक काकड उचललं, नखाने टोचलं, वास घेतला.

"ये डालने से कुछ नहीं होता?"

"न्हाय होत," हौसा म्हणाली.

"तो अभी पकाओ. यहीं, मेरे सामने. ये जो ज़मीन पे गिरा है, वही. और पहले तुम लोग खाओगे."

हौसाने धुळीतली शेवळं वेचली. शमीमने स्वतः नळाखाली तीन पाण्यांनी धुतली. हौसाने सोलली, दिपालीने चिरली, काकडं दगडावर ठेचून त्यांचं पाणी गाळलं. शेगडी पेटली. सत्तर माणसं कढईभोवती उभी. तेलात लसूण तडतडला तो फाटकापर्यंत ऐकू गेला असेल. भाजी शिजायला पाऊण तास लागतो. पाऊण तास माणसं दिपालीच्या हातांकडे बघत होती, तिने मीठ घेतलं तरी चार जण वाकत होते.

भाजी उतरली. शमीमने तीन ताटल्या मांडल्या. "आप, आप, और आप." तिसरी आसावरीबाईंपुढे.

बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "माझा शनिवारचा उपवास आहे."

शमीम थांबली. "रोज़ा? आज सुबह से?"

"हो."

"मतलब आपने हमारे बच्चों को खिलाया और खुद चखा भी नहीं?"

हे दिपालीच्याही डोक्यात आलं नव्हतं. वीस वर्षं शनिवार धरणारी बाई, बेचाळीस पोरांची भाजी करते आणि जिभेला लावत नाही. एक थेंब चाखला असता तर पोरांच्या ताटात काही गेलंच नसतं. देवाला दिलेला शनिवार एकोणीस घशांतून वसूल झाला होता.

आसावरीबाईंचा चेहरा ताकासारखा पांढरा पडला. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, मग हौसाकडे. "काकडं मी फेकली," त्या म्हणाल्या. आता आवाज वर्गातला नव्हता. "हिने सांगितलं होतं. मी हसले होते. ह्या बाईला माझ्यापेक्षा काय जास्त कळणार, असं वाटलं मला." आणि खाली बसून त्यांनी ताटलीतला मोठा घास घेतला. वीस वर्षांचा शनिवार त्या घासाबरोबर गेला.

तिघींनी खाल्लं. मग वाट बघणं. पाच मिनिटं. दहा. शमीम आसावरीबाईंच्या गळ्याकडे एकटक बघत होती, मांजर बिळाकडे बघतं तशी. दिपाली गिळत होती आणि गिळताना घाबरत होती, कारण सकाळच्या सुया अजून पुरत्या गेल्या नव्हत्या. नवीन कुठली लागते का, ते कळायला मार्ग नव्हता.

पंधराव्या मिनिटाला शमीमने कढईतून बोटाने भाजी उचलली आणि तोंडात घातली. चावली. थांबली. पुन्हा घेतली.

"नमक कम है," ती म्हणाली, पोर उचललं आणि निघाली.

तिच्या मागे गर्दी पांगली. हौसाच्या पाटीची भरपाई कोणी केली नाही, माफीही कोणी मागितली नाही. तिने रिकामी पाटी झटकली आणि ती रस्त्याला लागली.

सोमवारी चिंतामणी सरांनी दिपालीच्या हातात कागद ठेवला. शाळेच्या आवारात यापुढे सीलबंद पाकिटातलेच पदार्थ. सहलींनाही मनाई. सर म्हणाले, "माझी नोकरी आहे, ताई."

पुढच्या शनिवारी सकाळी पूर्ण्यात पट्टीच्या तोंडाशी जेसीबी उभा होता, इंजिन चालू. प्रितेश घड्याळ बघत होता. केसरीनाथ प्लॅस्टिकच्या खुर्चीत, काठीवर हनुवटी ठेवून. दिपाली भेंडीच्या ओळीत उभी होती. काम काही नव्हतं, नुसती उभी.

नऊ वाजले. टेम्पो येणार नव्हताच. साडेनऊ.

"बाबा, झालं ना आता?" प्रितेश म्हणाला. "शब्द तुमचाच."

"दिवस संपला न्हाय," म्हातारा म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत बसणार काय? जेसीबीचं भाडं तासावर आहे."

"त बंद कर त्याला. कानाशी घरघर करतय."

दहाला पाच कमी असताना गोडाऊनच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेमागून एक शेअर रिक्षा आली. आधी उतरली हौसा, पाटी घेऊन. मग शमीम. मग झोया, आणि तिच्या मागे वर्गातल्या दोन पोरी. तिघीच. बेचाळीसातल्या तिघी. शमीम रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होती, कारण त्याने गोडाऊनच्या रस्त्याचे जादा मागितले होते.

झोया पट्टीच्या तोंडाशी आली आणि जेसीबी बघून थबकली. हौसाने पाटीतून एक काकड काढून तिच्या हातावर ठेवलं. पोरीने चावलं, आंबटाने तिचे डोळे मिटले, तोंड वाकडं झालं, तरी थुंकलं नाही.

"ए," प्रितेश पोरींवर खेकसला, "शाळेने बंद केलंय ना? कोणी पाठवलं?"

"अपने से आए हैं," शमीम म्हणाली. "तेरे को क्या?"

प्रितेशने बापाकडे पाहिलं. केसरीनाथांनी काठीच्या टोकाने हवेत एक, दोन, तीन मोजलं आणि जेसीबीच्या ड्रायव्हरला हात केला, मागं घे.

"या शनवारचा झाला," ते म्हणाले. "फुडच्याचा फुडं."

दिपालीने खुरपं उचललं. पुढचा शनिवार सात दिवसांवर होता.