खिडकीखालची फळी

दिवाळीच्या आधी घर रंगवायचं, हे पुण्यात ठीक आहे हो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये, अडीचशे वर्षांच्या घराच्या दर्शनी लाकडाला झेंडूसारखा ऑइल पेंट फासायचा? तोही मला न विचारता? माझ्या नवऱ्याने, रणजितने, नेमकं तेच केलं. वर्क फ्रॉम होममुळे साहेबांच्या हाताला खाज सुटली होती. मी रविवारी भाजी घेऊन आले, तर हा ब्रश घेऊन उभा. "सरप्राइज," म्हणाला.

दुकान माझं. सात वर्षं याच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून काढल्यावर त्या घराच्या तळमजल्यावरचं चिवडा-चकलीचं हे एवढंसं दुकान मी माझ्या नावावर भाड्याने घेतलं. करार करताना घरमालकीणबाईंनी चारदा बजावलं होतं, हे घर जतन करायच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीतलं आहे, खिळासुद्धा विचारल्याशिवाय ठोकायचा नाही. रणजित तेव्हा मोबाइल बघत होता.

आठवड्याभरात खेमेंटेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं. माझ्या नावाने. सहा आठवड्यांत जुनं लाकूड होतं तसं करा. नाही केलं तर घरमालकीणबाई करार मोडणार होत्या. चूक याची आणि चोर मी. "अगं, सॉरीचा मेल टाकतो ना," म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात कोरोना. दीड मीटर अंतर ठेवायला आत जागाच नाही, त्यामुळे गिऱ्हाईक दारातूनच परत जायचं. मी रोज रंग खरवडायचे आणि खरवडताना याला शिव्या घालायचे. तोही खरवडायचा, पण दर अर्ध्या तासाला त्याची मीटिंग निघायची.

चौथ्या आठवड्यात खिडकीखालच्या फळीला मला दोन बिजागऱ्या सापडल्या. आम्ही तिला भिंतच समजत होतो. मी घरमालकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पूर्वी ती फळी रस्त्याकडे आडवी पाडायचे, तोच काउंटर. लोक बाहेर उभं राहून सामान घ्यायचे. हळूच उघड."

उघडली. जरा कुरकुरली, पण उघडली. त्या शनिवारी रस्त्यावर अंतर राखून रांग लागली.

मुदत संपताना नगरपालिकेचा माणूस मास्क लावून आला. त्याने फळीवरून हात फिरवला. "छान. हे कोणी शोधलं?"

"आम्ही. म्हणजे मी रंग दिला नसता तर..." रणजित इंग्रजीत सुरू झाला.

मी चकल्यांचा डबा फळीवर ठेवला आणि डचमध्ये, एकदाही न अडखळता, म्हणाले, "मी शोधलं. दुकान माझं आहे. रंग याने फासला होता."