तळमजला एक, पहिला मजला दोन

माझ्या पाठीवरचं चित्र केव्हाच निघून गेलं आहे. त्यामुळे मित्रांनो, आधी ओळख सांगते. मी व्हिडिओ गेमची एक जुनी कॅसेट आहे. राखाडी, तळहाताएवढी, एका कोपऱ्यात चरा पडलेली.

पांढऱ्या टोप्या घातलेल्या कामगार बायकांच्या रांगेत मी तयार झाले. माझ्या पोटात दोन चिप आहेत. एकीत खेळ कायमचा कोरलेला आहे. दुसरीत खेळणाऱ्याची प्रगती राहते, पण ही दुसरी मोठी विसराळू. तिला क्षणभरही वीज मिळाली नाही, तर पाटी कोरी. म्हणून तिच्याशेजारी बटणाएवढा एक सेल डाख देऊन पक्का बसवलेला आहे. सेल जिवंत तोवर माझी आठवण जिवंत.

खेळ एका लढवय्या मुलीचा. ती लेव्हल एकपासून निघते. शत्रू हरवले की अनुभव वाढतो, अनुभव पुरेसा झाला की लेव्हल वाढते आणि प्रत्येक नव्या लेव्हलला एक गुण मिळतो. तो तलवारीत घालायचा की ढालीत, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. एकदा घातला की बदलता येत नाही. लेव्हल पन्नासला हे सगळं थांबतं. पुढे कितीही लढा, आकडा हलत नाही.

मी ज्या घरात आले तिथे वडील लिफ्ट दुरुस्त करणारे मेकॅनिक होते, आई घरीच शिवणकाम करी. थोरली मुलगी सोळा वर्षांची, धाकटी आठ. थोरलीला सगळे ताई म्हणत, आईसुद्धा. मी ताईच्या वाढदिवसाची भेट होते. खोक्यावर पन्नासची मर्यादा वाचून ती पहिल्याच दिवशी रुसली.

"बाबा, हे काय? पन्नासनंतर पुढे काहीच नाही?"

"अगं, लिफ्टलासुद्धा वर लिमिट स्विच असतो," बाबा म्हणाले. "शेवटच्या मजल्यावर ती थांबते. म्हणून काय कोणी म्हणतं का, लिफ्ट बिघडली?"

"तुमचं काहीही काढलं तरी लिफ्टवर येतं," शिलाई मशीनवरून आई म्हणाली.

प्रगती साठवायला माझ्यात तीन जागा आहेत: एक, दोन, तीन. बाबांनी त्यांची वाटणी केली. "ताई तळमजल्यावर. धाकटी पहिल्या मजल्यावर. वरचा मजला रिकामा, पाहुण्यांसाठी." सगळे हसले. हे वाक्य पुढे किती महागात पडणार होतं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

ताई रविवारी खेळे, परीक्षा नसेल तर शनिवारीही. धाकटी शेजारी बसून शत्रू कुठून आला ते ओरडून सांगे. ताईने जवळजवळ सगळे गुण तलवारीत घातले. "मार खायचाच नाही, तर ढाल कशाला?" असं तिचं म्हणणं. बासष्ट तासांत ती एकोणपन्नास लेव्हलला पोहोचली. तलवार चव्वेचाळीस, ढाल चार. पन्नास झाली की कॅसेट धाकटीची, असं तिने कबूल केलं होतं.

धाकटीला तेवढा धीर निघाला नाही. एका दुपारी ताई क्लासला गेलेली असताना तिने मला टीव्हीला जोडलेल्या खेळाच्या यंत्रात बसवलं आणि नवा खेळ सुरू केला. पहिल्यांदाच एकटी खेळत होती. कशीबशी लेव्हल तीनला आली, तेवढ्यात आईने हाक मारली. पडद्यावर प्रश्न होता: कुठे साठवू? एक, दोन, तीन.

तिला बाबांची वाटणी आठवली. पहिला मजला माझा. तिने एक दाबलं.

मी 'नक्की का?' असंही विचारलं होतं. तिने घाईत हो म्हटलं. मित्रांनो, माझ्याकडे तिसरा प्रश्न नाही.

संध्याकाळी ताईने पडदा पाहिला, तर पहिल्या जागेपुढे एकोणपन्नासऐवजी तीन. ती ओरडली नाही, हे जास्त वाईट होतं. "हिने बुडवलं सगळं," एवढंच म्हणाली आणि धाकटीशी अबोला धरला. "आई, तिला सांग दिवा घालव." "आई, तिला सांग माझी पट्टी दे." एकाच खोलीत राहणाऱ्या दोघी बहिणी सगळं आईमार्फत बोलू लागल्या. आई म्हणायची, "मी काय टेलिफोन आहे?"

धाकटीने रडत रडत बाबांना सगळं सांगितलं. पहिला मजला म्हणजे एक नाही का? बाबांनी तिचे डोळे पुसले. मग म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. मोजायला मीच शिकवलं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरात जाहीर केलं की कॅसेट दुरुस्तीला दिली आहे, ओळखीचा माणूस आहे, वेळ लागेल. खरं तर मी त्यांच्या कामाच्या पिशवीत होते, पाना आणि ग्रीसची डबी यांच्या मधोमध. त्यांची पाळी सकाळची असे. दुपारी दोनला ते घरी येत, मला यंत्रात बसवत आणि मुली घरी यायच्या आत, साडेतीनपर्यंत, खेळत. रविवार सोडून रोज. ताईचं टोपणनाव घालून त्यांनी लेव्हल एकपासून सुरुवात केली.

खेळण्यात ते अगदीच कच्चे होते. बोटं जाड, एका वेळी दोन बटणं दाबली जात. पहिल्या आठवड्यात त्यांना एका बेडकाने अकरा वेळा हरवलं. आईने मशीन थांबवून पाहिलं.

"अहो, तो बेडूकच आहे ना?"

"साधा नाही. विषारी आहे."

"बरं. तुमचं युद्ध आटोपलं की दळण आणा."

गुण मिळाला की ते ढालीत घालत. जन्मभर टांगलेल्या लिफ्टखाली काम केलेला माणूस, त्याला आधी डोक्यावरचं छप्पर लागे. त्यामुळे खेळातली मुलगी मरत नसे, पण शत्रूही लवकर मरत नसे. एकेक लढाई वीस वीस मिनिटं चाले. साडेपाच महिने गेले. माझ्या घड्याळात दोनशे तेरा तासांची नोंद झाली. एकोणपन्नास लेव्हल झाली त्या दुपारी त्यांनी बटणांवरून हात काढला.

"एकच राहिली की," आई म्हणाली. "करून टाका."

"ती तिची आहे."

ताई शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जायची होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी मला पिशवीतून काढलं. "झाली बाई दुरुस्ती." पडद्यावर पहिल्या जागेपुढे ताईचं टोपणनाव आणि एकोणपन्नास आकडा दिसला. तलवार, ढाल आणि तास दाखवणारं आतलं पान कोणी उघडलं नाही. ताई वळली आणि धाकटीला म्हणाली, "माझी बॅग बांधायला ये. आणि जीन्स नीट घडी कर, गोळा नको करूस." सहा महिन्यांत थेट बोललेलं पहिलं वाक्य. धाकटी धावत सुटली.

"सुट्टीत येऊन पन्नास करते," ताईने सांगितलं. सुट्ट्या आल्या आणि गेल्या. एकच तर लेव्हल होती, कधीही झाली असती. मग नवा टीव्ही आला, त्याला जुनी वायर बसेना, आणि मी कपाटाच्या वरच्या खणात बटणांच्या डब्याशेजारी जाऊन पडले. मला कोणी टाकलं नाही. कोणी पाहिलंही नाही.

एकवीस वर्षं गेली. धाकटी आता रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करते. ताई माहेरी आली होती. कपाट आवरताना मी आणि यंत्र, दोघंही सापडलो. धाकटीने कुठून तरी जोडणी मिळवून मला सुरू केलं. एकोणपन्नास आकडा अजून होता. पण मला उघडून तिने सेल मोजला आणि तिचा चेहरा बदलला.

"तीन व्होल्ट हवेत, सव्वादोनच आहेत. ताई, आज आहे, उद्या नसेल. सेल बदलायचा तर तो काढताच सगळं पुसलं जाणार."

"जाऊ दे गं. आता कोण खेळतंय?"

"नाही!" बाबा म्हणाले. इतक्या जोरात, की आई दाराशी आली.  मग पुढे वाकून ते हळू आवाजात बोलले, "आधी दुसरा पुरवठा जोड, मगच पहिला तोड. मध्ये अंतर पडू द्यायचं नाही."

धाकटीने दोन पेन्सिल सेल तारांनी माझ्या आतल्या सर्किटच्या पाटीला जोडले. ताईने तारा धरल्या. "हलू नकोस," धाकटी म्हणाली. "तू श्वास सोडू नकोस माझ्यावर," ताई म्हणाली. जुना सेल निघाला. नवा बसला. मला काहीच जाणवलं नाही, आणि याहून चांगलं काम मी पाहिलेलं नाही.

यंत्र सुरू केलं. एकोणपन्नास. ताईने या वेळी आतलं पान उघडलं. तलवार सात, ढाल एक्केचाळीस. तास दोनशे तेरा.

"ही माझी नाही," ती म्हणाली. पुन्हा वाचलं. मग मागे वळली. "बाबा, कॅसेट कुठल्या माणसाकडे दुरुस्तीला दिली होती?"

बाबा खिडकीकडे पाहू लागले.

"मी काही बोललेले नाही हं," आई म्हणाली. "पण तुमच्या बाबांना बेडकाने फार छळलं."

धाकटीने तोंडावर हात ठेवला. तिलाही आजवर दुरुस्तीच खरी वाटत होती.

"ढाल एक्केचाळीस, बाबा?"

"लागते. लिफ्टखाली उभं राहून बघ कधी."

ताई खेळायला बसली. तिला तलवारीची सवय. इथे एक शत्रू पडायला पंचवीस मिनिटं लागली. मध्येच ती म्हणाली, "रोज असंच?" बाबा म्हणाले, "रविवार सोडून." चार शत्रू पडले आणि एकवीस वर्षं थांबलेला आकडा हलला. पन्नास. शेवटचा गुण.

"तलवारीत घाल," बाबा म्हणाले. "तुझी आहे ती."

तिने ढालीत घातला. बेचाळीस.

"वाया घालवलास. आता पुढे लेव्हल नाही."

"असू दे."

पडद्यावर माझा जुना प्रश्न आला: कुठे साठवू? ताईने बटणांचा संच धाकटीच्या हातात दिला.

"मी? नको, ताई."

"तूच. तळमजल्यावर."

धाकटीने एकदा ताईकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. एक दाबलं. मी विचारलं, नक्की का? या वेळी तिने घाई केली नाही.

मित्रांनो, मी आता कपाटात नाही, टीव्हीखाली आहे. नवा सेल वीसेक वर्षं पुरेल. तुमच्या घरीही अशी एखादी कॅसेट पडली असेल. तिचा सेल संपायच्या आत तिला उतरवा. आणि नुसता बाहेरचा आकडा बघून ठेवून देऊ नका. आतलं पान उघडा. तो आकडा कोणी आणि कसा वाढवला, ते तिथे लिहिलेलं असतं.