अमावास्येची पुळण

ओहोटी थांबली होती आणि भरती अजून सुरू झाली नव्हती. त्या निश्चल घटकेत शिंपणे बंदरात चौदा होड्या होत्या; नऊ पाण्यावर, पाच चिखलात कललेल्या. जेटीच्या खांबांवर कालवांचे दोन पट्टे होते, खालचा हिरवट, वरचा राखाडी. सहा बगळे होते. पाच उभे, एक चालणारा. तिवरांच्या मुळांशी खेकड्यांची बिळे होती, ती मोजण्यापलीकडची. आणि खाडीच्या मधोमध एक निळी होडी होती, तिच्यात दोन माणसे, दोन वल्ही, आणि वल्ह्यांच्या पात्यांवरून थेंब थेंब ठिबकणारा कार्तिकातला सूर्य.

सूर्य ताम्रवर्ण होता. पाणी ताम्रवर्ण होते. पाण्यावरचा वारा खारा होता आणि पाण्याखालचा प्रवाह अजून थोडा गोड होता, कारण वर डोंगरात पावसाचे शेवटचे झरे आटायचे होते.

वल्ही मोरेश्वर केळुसकरांच्या हातात होती. एकतीस वर्षे त्या हातांनी एस. टी. चालवली होती, घाट उतरवले होते, धुके चिरले होते, वळणामागून वळण वळवले होते. आता ते हात पाणी वळवीत होते. गाव त्यांचेच, पण मिसरूड फुटण्याआधी सोडलेले. निवृत्त होऊन परतले तेव्हा गावाने त्यांना ओळखले, चहा पाजला, आणि मग आपापल्या कामाला लागले.

होडीच्या मागच्या फळीवर कुमुदिनी बसली होती. तीही निवृत्त, साताऱ्याकडच्या एका इस्पितळातली परिचारिका. ती सह्याद्रीच्या पलीकडची, कोरड्या विहिरींच्या आणि काळ्या मातीच्या देशातली. खाडीकाठच्या बायकांनी तिचे नाव विचारले, ऐकले, आणि बाजूला ठेवले. तिला त्या घाटीण म्हणत.

रोज संध्याकाळी निळी होडी निघे. रोज संध्याकाळी निळी होडी परते. काठावरचे लोक तिच्याकडे बघून दिवस मावळल्याचे ओळखत.

◆

अमावास्येला आणि पौर्णिमेला मात्र कुमुदिनी त्या होडीत नसे.

त्या दिवशी पाणी फार दूर जाई. खाडी आपले गुपित उघडे टाकी. जिथे नदीचा लोट आणि समुद्राचा रेटा एकमेकांना तोलून धरतात, तिथे पाणी आपल्या हातातली वाळू अलगद खाली ठेवते. आणि शतकानुशतके ठेवलेल्या त्या वाळूची एक पुळण झाली होती, लांबट, शंखधवल, मुखाजवळच्या वळणापलीकडे. एरवी ती पाण्याखाली असे. महिन्यातून दोनदा ती घोटाभर पाण्यात येई. आणि तिच्यात तिसऱ्या असत, खायचे लहान शिंपले.

तिसऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या तळव्याला कळतात. वाळूत बोटभर खोल बसून त्या दोन नाजूक नळ्या वर काढतात. एकीने गढूळ पाणी पितात, दुसरीने निवळ पाणी सोडतात. वाढताना त्या आपले वय कवचावर रेघांनी कोरतात. पुळणीवरचे पाणी म्हणून निराळे होते. तिथे आपली बोटे दिसत.

ती पुळण बायकांची. पुरुषाने तिथे जायचे नाही, होडी न्यायची नाही, वाट विचारायची नाही. हे कुणी ठरवले, ते कुणाला ठाऊक नव्हते. पण ते मोडलेले कुणी पाहिले नव्हते. बायका स्वतः वल्ही मारत जात, पहिली ओंजळ पुन्हा वाळूत पुरत, आणि टोपल्या भरून परतत. मोरेश्वरांची आईही तशीच जात असे. लहानपणी त्यांनी तिला विचारले होते, "खंय मेळतत गो आये?" आई म्हणाली होती, "पाण्यात."

तीन वर्षे कुमुदिनी जेटीच्या पायरीवर बसून बायकांची होडी जाताना पाहत होती. तीन वर्षांनी भामा तारीने, त्या होडीच्या मालकिणीने, सुकाणूवरून मान वळवली.

"गो घाटीणी, सगळा आयुष्य पायरेर बसान काढतलंस काय? येवन बस."

कुमुदिनी उठली. धडपडली. बसली.

"पदर खोच. साडी भिजली तर घोवाक काय सांगतलंस?"

"सांगात, खाडयेत पडलंय म्हणान!" मागून कुणीतरी म्हणाले, आणि होडीभर हसू फुटले, खारे, मोकळे, दात दाखवणारे हसू.

पुळणीवर उतरताना भामा एकदाच गंभीर झाली. "हयसर बापयाचो पाय पडाक नाय. बापयाची नजर पण नाय. समाजला?"

"समजलं," कुमुदिनी म्हणाली. आणि तिच्या तळव्याखाली पहिली तिसरी हलली. लहान, गोल, जिवंत. साठाव्या वर्षी तिच्या पायांना एक नवे ज्ञानेंद्रिय फुटले.

◆

आणि त्या कार्तिकातल्या संध्याकाळी, ताम्रवर्ण पाण्यावर, मोरेश्वर म्हणाले, "अमावास्येला तू हल्ली हसत घरी येतेस. काय असतं त्या बायकांकडे?"

या माणसापासून तिने काही लपवले नव्हते. ना ताप, ना स्वप्न, ना रात्रपाळीत दगावलेल्या रुग्णांची नावे. सुख लपवायची तर तिला मुळीच सवय नव्हती. आणि तिला वाटले, याच्या आईने याला जे दिले नाही, ते आपण देऊ.

"उजवीकडे घ्या," ती म्हणाली. "अजून थोडं. अजून. आता थांबा. इथं."

"कंडक्टरनं बेल मारली," ते हसले. त्यांनी वल्ही आत घेतली. दोघांनी वाकून पाहिले. पाणी निवळ होते, आणि खाली, हाताच्या अंतरावर, एक धवल, निद्रिस्त, श्वास घेणारी भूमी होती.

"कुणाला बोलू नका हं."

"मी कुणाला बोलणार? खेकड्यांना?"

ती हसली. होडी हलली. पाण्यातली दोन डोकी एकमेकांत मिसळली.

◆

पौषात खाडीवर एक आवाज आला.

आवाज आधी आला, यंत्र मागून दिसले. लोखंडी पिंपांचा तराफा, त्यावर वाळू उपसणारा सक्शन पंप, पंपाला हत्तीच्या सोंडेएवढा पाइप. सकाळी तो धडधडे. दुपारी तो धडधडे. बगळे उडून गेले. धुराची एक निळी रेघ वळणापलीकडून उगवे, रोज, एकाच जागेवरून. आणि बायका दारात उभ्या राहून त्या रेघेकडे पाहत. त्या रेघेच्या खाली काय आहे, ते प्रत्येकीला ठाऊक होते.

कुमुदिनी पाहत होती. तिच्या छातीत एक गार ठिपका पडला होता. तिने तो स्वतःला समजावून पुसला. पुन्हा पडला. पुन्हा पुसला.

मग एका सकाळी, मासळीचा लिलाव चालू असताना, जेटीवर ऊन आणि माणसे आणि बर्फ सगळे एकत्र चमकत असताना, पंपाचा मुकादम डिझेलचे कॅन घेऊन आला. लाल टोपीचा, मोकळ्या तोंडाचा, मनात काही न ठेवणारा माणूस. त्याला मोरेश्वर दिसले, आणि त्याचा चेहरा खुलला.

"काका! मानलं तुम्हाला! काय अचूक जागा दाखवलीत! वर शिंपल्यांचा कचरा होता तेवढा, तो काढून टाकला. खाली निव्वळ माल!"

लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज मध्येच तुटला.

मोरेश्वर हसायला गेले. ओठ हलले, हसू आले नाही. त्यांनी कुमुदिनीकडे पाहिले नाही. आणि ते न पाहणे जेटीवरच्या साऱ्यांनी पाहिले.

भामा तारीच्या हातात सुरमई होती. ती तिने सावकाश खाली ठेवली. हात पदराला पुसले. कुमुदिनीजवळ येऊन ती उभी राहिली, इतकी जवळ, की तिच्या अंगाचा मिठाचा वास आला.

"तुझ्या पोटात एक गोष्ट ऱ्हवाक नाय मगे?"

एवढेच. मग ती वळली. तिच्या मागे दुसरी वळली. दुसरीच्या मागे तिसरी. जेटीवर पाठीच पाठी झाल्या, रंगीत, ओल्या, बंद दारांसारख्या.

◆

घरी ओट्यावर दुपारचे ऊन होते. माडांच्या सावल्या झावळी-झावळीने त्यावर हलत होत्या. कुमुदिनी सावलीत बसली होती. मोरेश्वर उन्हात उभे होते, जणू तेवढी शिक्षा त्यांनी आपणहून घेतली होती.

"तुम्ही दाखवलंत?"

"त्यांनी विचारलं. काका, स्वच्छ वाळू कुठं लागेल? म्हणाले, तुम्हाला खाडी पाठ आहे असं ऐकलंय."

"आणि तुम्ही सांगितलंत."

"एकतीस वर्षं लोक मला रस्ता विचारत होते, कुमुद. इथं आल्यापासून कुणी काही विचारलं नव्हतं. एक माणूस नाही. मला कळायच्या आत हात वर झाला."

ती त्या हाताकडे पाहत राहिली. त्या हाताने तिला बाळंतपणात पाणी पाजले होते. त्या हाताने निळ्या होडीला रंग दिला होता, दोनदा, फटी बुजवून, तिच्या आवडीच्या निळ्याने. हात तोच होता. रंग अजून नखांत होता.

"मला वाटलं, थोडी वाळू काढतील न् जातील. बोल ना काहीतरी."

"काय बोलू? कुणाला बोलू नका, एवढंच बोलले होते मी."

सावली सरकली. ऊन तिच्या पायांवर आले. तिने पाय आत ओढून घेतले.

त्या संध्याकाळी निळी होडी निघाली नाही. दुसऱ्या संध्याकाळी निघाली नाही. काठावरच्या लोकांना दिवस मावळल्याचे थोडे उशिरा कळू लागले.

◆

माघात पंप थांबला. तराफा पुढच्या खाडीला गेला. शांतता आली, पण ती जुनी शांतता नव्हती. काहीतरी खरवडून घेतल्यावर उरते तशी, उघडी, दुखरी.

अमावास्येला, उन्हे कलल्यावर, भामा तारी अंगणात आली. ओट्यावर चढली नाही.

"चल."

कुमुदिनीने तिच्याकडे पाहिले. "मला नेणार?"

"न्हेवक नाय. बघूक. तू दाखवलंस, तर तूच बघ." मग तिचा आवाज जरा उतरला. "पंपवाले म्हणतत, दोन हात काढली, चार हात काढली, कायव म्हणतत. आमी बायकांनी सांगितला तर कोण आयकता? तू शिकलेली. तुझ्या हातान माप."

वाटेत ती बोलत राहिली, कुमुदिनीशी की पाण्याशी, ते कळू नये अशी. "कमरेइतक्या पाण्यात आसली तर एका पावसात भरान येतली. माझ्या सासयेच्या वक्ताक तशी झाली हुती. डोक्यावर गेली आसात, तर गेली. आमच्या जल्मात येवची नाय."

जेटीवर मोरेश्वर उभे होते. त्यांनी होडीतल्या बायका पाहिल्या, बायकांमधली आपली बायको पाहिली.

"मी येऊ का? वल्ह्यांना मदत होईल."

कुमुदिनीने एक वल्हे उचलले आणि पाण्यात घातले. त्यांच्या डोळ्यांदेखत ते वल्हे वाकडे पडले, पाणी उडाले, पुन्हा पडले, आणि मग लागले.

खाडी खाली खाली जात होती. तिवरांची मुळे उघडी पडत होती, काळी, सहस्रबाहू. आकाश फिकट जांभळे होते आणि त्यात चंद्र नव्हता. वळण आले. वळण सरले. बायकांनी वल्ही आत घेतली.

एरवी या घटकेला इथे पाणी घोट्याशी येई. एरवी इथे साड्या खोचल्या जात, टोपल्या उतरत, कुणीतरी कुणाला ढकले. आता पाणी गढूळ होते. त्याला तळ दिसत नव्हता. ते मंद, अंधुक, गोल गोल फिरत होते, आणि काठाकाठाने फुटक्या कवचांचा चुरा तरंगल्यासारखा थरथरत होता.

भामाने होडीतला बांबू तिच्या हातात दिला.

कुमुदिनी उभी राहिली. बायका दोन्ही कडांना सरकून बसल्या, होडी डुलू नये म्हणून. तिने बांबू सरळ धरला आणि सोडत गेली.

गुडघा गेला. कुणी हलले नाही.

कंबर गेली. कुणीतरी श्वास घेतला आणि तो तसाच धरला.

छाती गेली. गळा गेला. उभ्या बाईचे डोके गेले, केस गेले, केसांवर धरलेली टोपली गेली. बांबू जातच होता, तिच्या तळहातांतून, गार, गुळगुळीत, निःशब्द, जणू खालून कुणी तो ओढून घेत होते.

मग तो मऊ चिखलात टेकला.

तिने पाण्याशी अंगठा दाबून धरला. बांबू वर काढला. होडीत आडवा ठेवला. आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, तिने ओल मोजत नेली. बायकांच्या मांड्यांवरून, रिकाम्या टोपल्यांवरून, भामाच्या गुडघ्यावरून, अंगठ्याच्या खुणेपर्यंत.

"किती?" भामाने विचारले.

"नऊ हात," कुमुदिनी म्हणाली, "चार बोटं."